विद्यार्थी, पर्यावरण आणि एकशेवीस तास

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला भोवतालच्या खेड्यांची नाडी आपोआप कळते. पावसाने ओढ दिली की पीककर्ज थकते. कपाशीवर अळी पडली की सोने गहाण ठेवणारांची रांग वाढते. मी कला शाखेचा पदवीधर आहे, पर्यावरणाचा अभ्यासक नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला एक प्रसंग कारण झाला.

आमच्या वस्तीतील एक मुलगा बी. ए.च्या वर्गात शिकतो. त्याची आई मजुरी करते. एके दिवशी दोघे मायलेक पैसे काढायची स्लिप घेऊन माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. रक्कम दोन हजार रुपये. सहज विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, कॉलेजात इंटर्नशिप लागते. एकशेवीस तासांची. एका ठिकाणी पैसे भरले की पर्यावरणाचं सर्टिफिकेट मिळते."

"काम काय करावे लागेल?"

"काम काही नाही काका. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे अन् प्रश्न सोडवायचे."

त्याची आई मध्येच म्हणाली, "भाऊ, पैसे गेले तं गेले, पन पोराचं वर्स वाया नाही गेलं पायजे." मी त्या माउलीला थोडे थांबायला सांगितले. त्या दिवशी ते दोन हजार रुपये खात्यातच राहिले. पुढे काय झाले ते ओघात येईलच. आधी हे एकशेवीस तास आले कुठून ते पाहू.

अभ्यासक्रमात पर्यावरण

पर्यावरणाचे शिक्षण सर्व विद्यार्थ्यांना मिळाले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. त्यानंतर शाळांत हा विषय आला आणि पदवीच्या वर्गांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात क्षेत्रभेटही ठेवली होती. परंतु बहुतेक ठिकाणी हा विषय प्रकल्पवहीपुरता उरला. मागच्या वर्षीच्या मुलाची वही घ्यायची आणि 'प्रदूषण : कारणे व उपाय' उतरवून काढायचे, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरातच पाहिला असेल.

राष्ट्रीय सेवा योजना मात्र त्याही आधीची. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, म्हणजे १९६९ साली, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. एका श्रेयांकाला तीस तास धरले, तर चार श्रेयांकांच्या इंटर्नशिपला एकशेवीस तास होतात. म्हणजे ज्या कामाला पूर्वी 'समाजसेवा' म्हणून बाजूला ठेवीत, त्याला आता गुण आहेत. ही संधी मोठी आहे. पण जिथे गुण आले तिथे गुण विकणारेही आले, हे वरच्या प्रसंगावरून दिसते.

आधी झाडू, मग कीर्तन

लोकांना शिकवायला जायचे तर कसे जावे, याचा धडा आपल्या जिल्ह्याला बाहेरून आणावा लागत नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या गाडगेबाबांनी तो घालून दिला आहे. बाबा गावात आले की प्रथम हाती खराटा घेत. दिवसभर गाव झाडीत. रात्री कीर्तन करीत आणि त्यातही उपदेशापेक्षा प्रश्नच जास्त विचारीत. ज्याने दिवसा आपली गल्ली झाडली त्याचे म्हणणे रात्री ऐकलेच पाहिजे, असे लोकांना वाटे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या मुलाने पर्यावरणाचे काम करताना हा क्रम विसरू नये : आधी हात, मग तोंड.

कृषिदूतांचे उदाहरण

हा क्रम पाळणारी एक व्यवस्था आपल्या वऱ्हाडात वर्षानुवर्षे चालू आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ ची. तेथील आणि संलग्न महाविद्यालयांतील कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' या कार्यक्रमाखाली खेड्यात जातात. मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. देशातील कृषी शिक्षणात हा कार्यक्रम रंधावा समितीच्या शिफारशीवरून आला. २०१५ पासून तो 'स्टुडंट रेडी' या योजनेचा भाग आहे.

ही मुले गावात काय करतात? प्रथम गावकऱ्यांना बोलावून चावडीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. विहिरी कुठे, नाला कुठे, वस्ती कुठे, हे लोकच सांगतात आणि मुले रेघ ओढतात. मग एकेका शेतकऱ्याबरोबर वावरात जातात. मातीचा नमुना कसा घ्यावा ते दाखवतात. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करावा, धुऱ्याजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती घेऊ नये, ठिकठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत, आणि असे अर्धा किलो माती उरेपर्यंत करावे.

निंबोळी अर्काचेही प्रात्यक्षिक ते देतात. पाच किलो निंबोळीची भुकटी नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात वेगळा भिजवायचा. सकाळी अर्क गाळून, साबणाचे पाणी मिसळून, एकूण शंभर लिटर द्रावण करायचे. हा झाला पाच टक्के निंबोळी अर्क. निंबोळ्या गावातच पडलेल्या असतात. खर्च जवळपास नाही. फुकट जाणारी वस्तू कामाला येते, विकतचे विष कमी होते. 'शाश्वत विकास' या जड शब्दाचा अर्थ यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येईल, असे मला वाटत नाही.

फवारणी करणाऱ्याचा जीव

पर्यावरण हा खात्यापित्या लोकांचा विषय आहे, असे आपल्यातले काहीजण म्हणतात. त्यांनी २०१७ चा पावसाळा आठवावा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. हातमोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते. पाठीवर पंप घेऊन रोजाने फवारणी करणारा माणूस कोण असतो, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

कीटकनाशकाच्या डब्यावर एका चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा कमी. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. पण तो रंग कशासाठी आहे हे कोणीतरी सांगावे लागते. बी. ए., बी. कॉम.चा कोणताही विद्यार्थी हंगामाच्या तोंडावर मजुरांच्या वस्तीत बसून एवढी एक गोष्ट सांगू शकतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. अशा एका संध्याकाळची किंमत भिंतीवरच्या शंभर घोषणांपेक्षा जास्त आहे.

खाऱ्या पाण्याची वही

आता त्या मुलाकडे वळू. त्याचे मूळ गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे या पट्ट्यात येतात. जमीन काळी आणि खोल, पण खालचे पाणी खारे. ते धड पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. म्हणून वान, शहानूर यांसारख्या धरणांतून लांबलांबून नळयोजना आणाव्या लागल्या.

मी त्याला म्हटले, "दोन हजार रुपये देऊन दुसऱ्याचे व्हिडिओ कशाला पाहतोस? आपल्या गावच्या पाण्याचे काम कर." त्याच्या प्राध्यापकांनी लेखी परवानगी दिली, ग्रामपंचायतीने पत्र दिले आणि महाविद्यालयाने पाण्यातील क्षार मोजणारे पेनासारखे यंत्र वापरायला दिले. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, पण ते या यंत्राने कळत नाही, प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो.

पहिल्याच रविवारी तो उत्साहाने यंत्र घेऊन विहिरीवर गेला. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "बाबू, पानी खारं हाये हे आमाले जलमापासून मालूम हाये. तू नवं काय सांगून रायला?" मुलगा निरुत्तर झाला. रात्री त्याचा फोन आला. "काका, लोकांना सगळं माहीत आहे. मी काय शिकवू?" मी म्हटले, "शिकवू नकोस, विचार."

मग तो घरोघरी विचारू लागला. पाणी कोण कुठून पिते? नळ किती दिवसांनी येतो? कॅनचे पाणी कोण विकत घेते? तेव्हा वहीत एक गोष्ट उतरली, जी गावाला माहीत होती पण कोणी मांडली नव्हती. सर्वांत खारे पाणी देणारा हातपंप प्यायला वापरणारी घरे गावाच्या टोकाची होती, रोजमजुरीची. तिथवर नळाचे पाणी नीट पोचत नव्हते आणि कॅन परवडत नव्हती. पाणी साऱ्या गावाचे खारे होते, पण ते प्यावे कोणाला लागत होते, हे त्या वहीने दाखवले.

त्याने तो तक्ता ग्रामसभेत वाचला. त्या हातपंपावर 'पिण्यास अयोग्य' असे रंगवले गेले, आणि नळ टोकापर्यंत नेण्याचा ठराव झाला. नळ अजून पोचलेला नाही. एका विद्यार्थ्याच्या एकशेवीस तासांत तो पोचणारही नव्हता. परंतु आता ठराव कागदावर आहे, तक्ता जोडलेला आहे, आणि तो मागायला जाणारा मुलगा गावचा आहे. महाविद्यालयाने त्याचे तास मंजूर केले, हे वेगळे सांगायला नको.

काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली, काम सुरू करण्याआधी महाविद्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि कोणत्या संस्थेचे किंवा ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र चालेल ते विचारून घ्या. नंतर वाद नको.

दुसरी, प्रमाणपत्रासाठी जो तुमच्याकडून पैसे मागतो आणि काम मात्र सांगत नाही, त्याच्यापासून दूर राहा. काम शिकवणारी संस्था आधी काम दाखवते.

तिसरी, आपल्याच गावात किंवा वस्तीत काम निवडा. परगावी राहण्याचा खर्च वाचतो. सुट्टीत मजुरी करून फी जमवणाऱ्या मुलाला सलग महिनाभर फुकट काम करणे परवडत नाही, हे मी जाणतो. महाविद्यालयाची संमती असेल तर दर रविवारी चार तास द्या. तीस रविवारांत एकशेवीस तास भरतात आणि रोजीही बुडत नाही.

चौथी, वही ठेवा. तारीख, ठिकाण, कोणाशी बोललो, काय दिसले. काम संपल्यावर तिची एक प्रत गावात ठेवा. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तिथून पुढे जाईल. नाहीतर दरवर्षी पहिल्या पानापासूनच सुरुवात होते.

कामाला विषयांची वाण नाही. वस्तीतला नाला, सांडपाण्याचा शोषखड्डा, शाळेतील हरित सेनेची रोपे, फवारणीची काळजी, पाण्याचा हिशेब. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत आपला वरूड होता. तिथे लोकांनी कुदळ-फावडे हाती घेऊन पाणी अडवले. पुढे १ मे २०१८ रोजी झालेल्या महाश्रमदानासाठी शहरातील हजारो माणसे आणि विद्यार्थी 'जलमित्र' होऊन खेड्यात गेले. बोलावणारा असेल तर तरुण येतात.

आणि सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण नोकरीत आहेत, काही निवृत्त आहेत. प्रत्येकाने एका विद्यार्थ्याला हाताशी धरावे. एसटीचे भाडे, एक वही, कचेरीत लिहायच्या अर्जाचा मसुदा, एवढीच मदत पुरते. मी त्या मुलाला पैसे दिले नाहीत. त्याच्या आईचे दोन हजार तेवढे वाचवले. महिन्याभराने ती पुन्हा काउंटरवर आली, पासबुक भरून घेतले आणि म्हणाली, "भाऊ, पोरगा आता गावात गेला का लोकं त्याले बसाले खाट टाकतात."

त्या मुलाच्या प्रमाणपत्रावर कोणाची सही आहे ते मी पाहिले नाही. गावाने टाकलेली ती खाट मला पुरेशी वाटली.