फवारणीचा ड्रोन गटाने घेताय? आधी पाळी ठरवा

पिंपळनेर : कांद्यावर करपा आला की सगळ्यांनाच त्याच आठवड्यात फवारणी हवी असते. त्यामुळे सामाईक ड्रोनमध्ये किमतीपेक्षा पाळीवरून वाद होण्याची शक्यता जास्त.

खर्च किती?
साहित्यासह साधारण 10 लाख. सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या अवजार भाडे केंद्राला केंद्र सरकारकडून 40 टक्के, कमाल 4 लाख अनुदान. उरलेल्या 6 लाखांत दहा जणांचा वाटा प्रत्येकी 60 हजार. महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’त 80 टक्के, कमाल 8 लाख.

कोणता घ्यावा?
टाइप सर्टिफिकेट असलेलाच. 10 लिटरची टाकी साधारण एकरभर पुरते, मग बॅटरी बदलावी लागते. म्हणून बॅटरीचे संच किती मिळतात आणि दुरुस्ती कुठे होते, हे आधी विचारा.

उडवणार कोण?
2021 च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी, विमा आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. पायलट दहावी पास, वय 18 ते 65. दोघांना तरी शिकवा. एकटा आजारी पडला तर ड्रोन घरीच राहील.

लेखी काय हवे?
एकरी दर, बॅटरीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, ड्रोन पडल्यास भरपाई, वाटा सोडणाऱ्याचा हिशेब. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. या फवारणीला शेवटी असलेला पुढच्या वेळी पहिला.