बॅटरी उतरली तर हातातल्या डब्याने गाडी सुरू होते काय?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे नोंदी, तोडणीची पाळी, खोडव्याची खते यांचे प्रश्न येतात. पण अलीकडे गटात फिरताना एक निराळाच प्रश्न कानी पडतो. "साहेब, तो जंप स्टार्टरचा डबा मिळतो, त्यानं गाडी खरंच चालू होती का? का नुसतेच पैसे पाण्यात?" आम्ही ऊसवाले, मेकॅनिक नव्हे. तरीपण खात्याच्या जीपसाठी तसा डबा आम्ही दोन हंगाम वापरला आहे. त्यात जे चुकलो आणि जे शिकलो ते येथे देतो.

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. भरलेल्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर पहाटे रस्त्यात अडला की मागची वाहने खोळंबतात, टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस वाळून वजनात घट येते. घट कोणाच्या पदरात पडते हे सांगायला नको.

डब्यात असते काय?

जुन्या सभासदांना जीपचे हँडल आठवत असेल. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि हळूहळू हँडल गेले. तेव्हापासून इंजिन फिरवण्याचे काम सेल्फ करतो आणि सेल्फला ताकद बॅटरी देते. लहान पेट्रोल मोटारीच्या सेल्फला साधारण शंभर-दोनशे अँपिअर करंट लागतो. डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने त्याहून बराच अधिक लागतो. थंडीत ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. म्हणून गाडी नेमकी पहाटेच दगा देते.

हातात मावणाऱ्या डब्यात लिथियमची बॅटरी असते. एवढासा डबा एवढे मोठे इंजिन कसा फिरवील, ही शंका रास्त आहे. हिशेब मांडून पाहू. सेल्फने 300 अँपिअर पाच सेकंद ओढले, तर खर्च होतो अर्ध्या अँपिअर-तासाहूनही कमी. डब्यावर 10,000 एमएएच लिहिलेले असले तर 12 व्होल्टच्या हिशेबाने ते सुमारे 3 अँपिअर-तास भरतात. म्हणजे धक्का द्यायला डबा पुरेसा आहे. पण ट्रॅक्टरची 75 अँपिअर-तासांची बॅटरी भरायला तो कुठेच पुरणार नाही. चिखलात रुतलेली गाडी चार माणसांच्या एका रेट्याने बाहेर निघते, पण तीच माणसे ती कारखान्यापर्यंत ढकलत नेऊ शकत नाहीत. डब्याचे काम रेटा देण्याचे. पुढचे चार्जिंग गाडीच्या अल्टरनेटरने करायचे.

आमचे तीन अनुभव

पहिल्यांदा जीप अडली तेव्हा आम्ही ऐटीत डबा काढला, तर डबाच रिकामा! दिवाळीपासून तो सीटखाली पडून होता. चूक आमचीच. दुसऱ्यांदा रात्री दिवा चालू राहून बॅटरी उतरली होती. डबा पूर्ण भरलेला होता, जीप पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तिसऱ्यांदा एका सभासदाच्या ट्रॅक्टरला डबा लावला, तर नुसती टकटक. टर्मिनल पाहिले तर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, घासून, टर्मिनल घट्ट बसवले आणि ट्रॅक्टर डब्याशिवाय सुरू झाला.

या तिन्हींचा अर्थ एकच. दोष फक्त उतरलेल्या बॅटरीचा असेल, डबा भरलेला असेल आणि चिमटे स्वच्छ धातूला घट्ट बसले असतील, तर डबा भरवशाचा आहे. अर्थिंग ढिले असेल, सेल्फ जळालेला असेल, डिझेलमध्ये हवा धरली असेल, तर कितीही महाग डबा आणा, उपयोग शून्य.

घेताना काय पाहावे?

डब्यावर 1000, 2000 अँपिअर असे मोठे आकडे छापलेले असतात. तो जोर क्षणभराचा असतो, त्यावर भुलू नये. किती लिटरच्या *डिझेल* इंजिनासाठी डबा आहे ते वाचावे. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचे ट्रॅक्टर इंजिन बहुधा तीन लिटरच्या आत-बाहेर असते. तेव्हा डबा त्याहून चांगल्या वरच्या मापाचा घ्यावा. बऱ्याच ट्रकांची वायरिंग 24 व्होल्टची असते. त्यांना 12 व्होल्टचा डबा लावू नये. प्रत्येकाने घ्यायलाच हवा असेही नाही. चार-पाच वाहनमालकांत मिळून एक चांगला डबा पुरतो. मात्र तो भरून ठेवण्याची जबाबदारी एकावर टाकावी.

लावताना

गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक ओढलेला, दिवे व टेप बंद. लाल चिमटा प्लसला, काळा चिमटा बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला. डब्याचे माहितीपत्रक निराळे सांगत असेल तर त्याप्रमाणे करावे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे. तीनदा करून जमले नाही तर दोष दुसरीकडे आहे असे समजावे. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर डबा तिला ओळखत नाही. त्यासाठी काही डब्यांना जादा बटण असते. ते दाबल्यावर उलट्या जोडणीचे संरक्षण राहत नाही, तेव्हा लाल-काळे दोनदा तपासावे.

डबा तीन महिन्यांतून एकदा भरावा. उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये ठेवू नये. फुगला तर वापरू नये.

आणि एक कळकळीचे सांगणे. गाडी सुरू होईना म्हणून काहीजण खाली उभे राहून सेल्फवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो त्याच क्षणी पुढे येतो आणि मोठे चाक अंगावरून जाते. अशाने माणसे गेली आहेत. एका खेपेचा ऊस वाळला तर वाळू द्या, पण हा प्रकार कोणी करू नये. ड्रायव्हरलाही करू देऊ नये.

शेवटी, डबा म्हणजे औषध नव्हे, काठीचा आधार. दोन-तीन दिवसांआड डबा लावावा लागत असेल तर बॅटरी किंवा अल्टरनेटर तपासून घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 दाखवली तर ती निम्म्यावर आली आहे. हंगामापूर्वी ऊसतोडीची तयारी करतो त्याच दिवशी टर्मिनल साफ करून बॅटरीही मोजून घेतली, तर डबा काढायची वेळ सहसा येणार नाही.



— ऊस विकास अधिकारी