हाय-बायस कॅसेट: क्रोम बरी की कोबाल्ट?

फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट मांडली, ती मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी. फितीची रुंदी चार मिलिमीटरपेक्षा कमी, वेग सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटीमीटर. गाण्याला ही जागा फार तोकडी होती. तार सप्तकातला झगझगीतपणा गळायचा आणि मागे सतत सरसर ऐकू यायची.

त्यावरचा पहिला खरा उपाय रसायनशास्त्राने दिला. अमेरिकेतल्या डुपाँ कंपनीने फितीसाठी क्रोमियम डायऑक्साइडचे लांबट, एकसारखे कण तयार केले. साध्या लोह-ऑक्साइडपेक्षा हे कण जास्त हट्टी: चुंबकत्व सहजी घेत नाहीत आणि घेतलं की सहजी सोडत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग करताना आवाजाबरोबर मिसळला जाणारा उच्च कंप्रतेचा प्रवाह, म्हणजे बायस, वाढवावा लागतो. हाय-बायस हे नाव त्यावरून आलं. शिवाय या टेपवर उंच स्वर जास्त जोमाने उमटतात, त्यामुळे वाजवताना तेवढेच ते खाली आणता येतात. त्यांच्याबरोबर सरसरही खाली येते. साध्या टेपचं इक्वलायझेशन १२० मायक्रोसेकंदांचं, क्रोमचं ७०. या एका फरकाने वरच्या पट्टीतली सरसर साडेचार डेसिबलांच्या आसपास घटते, आणि डोल्बी या सरसर दाबणाऱ्या यंत्रणेचा फायदा त्याहून वेगळा.

जर्मनीच्या बीएएसएफने क्रोमची वाट अखेरपर्यंत सोडली नाही. जपानी कंपन्यांनी मात्र निराळा रस्ता धरला. टीडीकेने १९७५ मध्ये ‘सुपर एविलिन’, म्हणजेच एसए, बाजारात आणली. तिच्यात क्रोम अजिबात नाही. लोह-ऑक्साइडच्या कणांवर कोबाल्टचा थर आहे. तरीही ती क्रोमच्याच बायसवर आणि त्याच ७० मायक्रोसेकंदांवर चालते. मॅक्सेलची एक्सएल-टू याच जातीची. डेकवरच्या ‘क्रोम’ लिहिलेल्या बटणाने जगभर सर्वाधिक कोबाल्टच्याच टेप वाजल्या असाव्यात.

या दोन घराण्यांत डावं-उजवं करायचं तर आधी काय रेकॉर्ड करणार ते सांगायला हवं. शुद्ध क्रोमची पार्श्वभूमी जास्त शांत असते. विलंबित ख्यालात स्वर थांबतो आणि नुसता तानपुरा उरतो, तेव्हा ही शांतता कानाला कळते. कोबाल्टच्या टेपवर जास्त जोरकस आवाज फाटल्याशिवाय मावतो, विशेषतः खालच्या आणि मधल्या पट्टीत. पखवाज, ढोलकी, मोठा वाद्यवृंद यांसाठी मी डोळे मिटून एसए किंवा एक्सएल-टू घेईन. टीडीकेची एसए-एक्स याहून वरची. तिच्यावर दोन थर असतात, पण रोजच्या कामाला साधी एसए पुरते.

मात्र डेक कुठल्या टेपवर जुळवलेला आहे, हे टेपच्या नावाइतकंच महत्त्वाचं. बहुतेक जपानी डेक कोबाल्टच्या टेपला धरून लावलेले असत. त्यांवर जर्मन क्रोम घातली की रेकॉर्डिंगची पातळी थोडी खाली पडते. डोल्बीचा हिशेब पातळीवरच चालत असल्याने वाजवताना तो गरजेपेक्षा जास्त उंच स्वर कापतो आणि गाणं मंद वाटतं. क्रोमच्या माथी ‘मचूळ’ असा शिक्का बसला, त्यातला मोठा वाटा या बेमेळाचा आहे. बायस आणि पातळी हाताने जुळवता येणारा डेक असेल, तर त्याच फितीचा आवाज खुलतो.

आज या साऱ्या टेप म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि वयाने तुलनेचं पारडं फिरवलं आहे. क्रोमियम डायऑक्साइड रासायनिकदृष्ट्या कमी स्थिर. दमट हवेत ते हळूहळू बिघडतं आणि चुंबकत्व गमावतं. कोबाल्टच्या चांगल्या टेप त्या मानाने घट्ट राहिल्या आहेत. म्हणून जुनी, सीलबंद कोरी कॅसेट विकत घ्यायची तर माझा कौल ऐंशीच्या दशकातल्या एसए किंवा एक्सएल-टूला. ९० मिनिटांपेक्षा लांब टेप टाळा. १२० मिनिटांची फीत इतकी पातळ असते की ती ताणली जाते, गुंडाळते. आतल्या छोट्या प्रेशर पॅडकडेही पाहा. त्याचा गोंद सुटला असेल, तर उत्तम टेपही हेडला नीट टेकत नाही.

मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत राहणाऱ्यांना एक विनंती. घरातल्या कपाटात मैफिलींची किंवा आजी-आजोबांच्या आवाजाची क्रोम टेप असेल, तर बुरशी लागलेली नाही ना हे पाहून तिची डिजिटल प्रत सगळ्यात आधी करून घ्या. कोबाल्टच्या टेप त्यानंतर केल्या तरी चालतील.