विकत घेतलेला विजय

मंडळी, आज अमेरिकेतल्या पत्त्यांच्या खेळाच्या एका दुकानात जाऊ. 1993 साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग'ची स्पर्धा आहे. समजा आठ खेळाडू, तीन फेऱ्या, स्विस पद्धत. म्हणजे हरलेला बाहेर जात नाही. सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. बक्षीस पहिल्या तिघांना, न फोडलेली बूस्टर पाकिटं.

शेवटच्या फेरीत एकजण समोरच्याला हळूच म्हणतो, "तू सामना सोड, एक पाकीट तुझं." दोघंही खूश. मग बिघडलं कुठे?

हिशेब करून बघा. एकही सामना बरोबरीत सुटला नाही, तर एकाचे तीन विजय होतात आणि तिघांचे दोन-दोन. बक्षिसं उरली दोन. तिघांतला कोण रिकाम्या हाती जाणार, हे आधीचे प्रतिस्पर्धी किती जिंकले यावर ठरतं. सौदा करणारा त्यात वरचढ निघाला, तर शेजारच्या टेबलावर खरा सामना जिंकलेला मागे पडू शकतो. त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

म्हणून नियम असा: सामना सोडायला मुभा आहे, पण त्याबदल्यात काही देऊ केलं, की ती लाच. फासे टाकून विजेता ठरवणंही चालत नाही. दोघांची संमती पुरत नाही, कारण स्पर्धा दोघांची नसते.