भीमथडीचं तट्टू आणि आजचा घोडा : रोजची निगा, किरकोळ दुखणी आणि मालिश

२०२३ साली राज्यगीत ठरलं आणि त्यासोबत भीमथडीची तट्टं शाळाशाळांत पोचली. मुलं खड्या आवाजात त्यांचं नाव घेतात. पण तट्टू म्हणजे काय, असं विचारून बघा. "छोटा घोडा," एवढं उत्तर येतं. ते चूकही नाही. भीमेच्या काठची ही बुटकी, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारी तट्टं मराठ्यांच्या घोडदळाने वापरली. इतिहासाच्या तासाला आपण इथवर येतो आणि घोडा तिथेच सोडून देतो. परिसर अभ्यासात तो पुन्हा भेटतो, तेव्हा 'उपयोग : ओझे वाहणे, स्वारी करणे' एवढ्या एका ओळीत संपतो.

खरं तर घोडा आपल्यातून गेलेला नाही. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तिथून पुढे माणसांची आणि सामानाची ने-आण करण्यात आजही घोड्यांचा मोठा वाटा आहे. महाबळेश्वरला, चौपाट्यांवर, लग्नाच्या वरातीत घोडा दिसतोच. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा गावांतल्या वर्गात एखादं तरी मूल असं असतं, की ज्याच्या घरची चूल घोड्यावर पेटते. हा लेख त्या मुलाकडे बघायला आपल्याला उपयोगी पडेल. आणि पालकहो, सुट्टीत लेकराला हौसेने घोड्यावर बसवण्याआधी तुम्हालाही.

आधी घोड्याजवळ जायचं कसं ते बघू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. पुढून थेट कपाळावर हात टाकायचा नाही. डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत, सावकाश जायचं आणि पहिला हात मानेच्या बुडाशी ठेवायचा. कान मागे चपटे झाले, की तो "नको" म्हणतोय. मुलांना ही एवढी एक खूण शिकवली तरी कितीतरी लाथा आणि चावे टळतील.

घोडेवाल्याचा दिवस पहाटे सुरू होतो. चांगला घोडेवाला आधी हात लावत नाही, नुसता बघतो. रात्रीचा चारा संपलाय का? लीद किती पडलीय, घट्ट की पातळ? चारही पायांवर नीट उभा आहे का? मागचा एखादा पाय आळीपाळीने सैल सोडून उभं राहणं ही घोड्याची आरामाची रीत आहे. पण पुढचा पाय सतत पुढे टाकून उभा असेल, तर त्या पायात काहीतरी दुखतंय. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे मुलांना माहीत असतं. मात्र गाढ झोपेसाठी त्यालाही थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. म्हणून तबेल्यात कोरडी, मऊ जागा लागते. नुसत्या फरशीवर बांधलेला घोडा आडवा व्हायला कुचरतो आणि झोपेविना राहतो.

मग खरारा. हा शब्द आपल्या पुस्तकांतून जवळपास नाहीसा झालाय, तो मुलांना जरूर सांगा. खरारा म्हणजे दातेरी साधनाने घोड्याचं अंग घासणं. घाम, माती आणि मेलेले केस आधी गोल गोल फिरवून मोकळे करायचे आणि मग केसांच्या दिशेने ब्रशने झाडायचे. खोगीर आणि तंग जिथे बसतात तिथे चिकटलेला एक खडासुद्धा दिवसभरात कातडी सोलतो. म्हणून तिथे हात फिरवून खात्री करायची. गुडघ्याखाली कातडीच्या आत लगेच हाड, त्यामुळे तिथे दातेरी साधन नाही, मऊ ब्रश.

त्यानंतर खूर. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटावर, उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं जाड नख. नखासारखंच ते वाढतं, म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकून घ्यावे लागतात. नाल ठोकताना घोड्याला दुखत नाही का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भागातून जातो, म्हणून नीट ठोकला तर दुखत नाही. नख कापताना आपल्याला दुखत नाही, तसंच. रोज मात्र हुकाने खुराच्या तळातली माती आणि खडे काढायचे. तळाच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखा एक रबरी भाग असतो. ओल्या, शेणाच्या जागेत घोडा उभा राहिला की तो कुजतो आणि काळा, घाण वासाचा लगदा निघतो. कोकणाच्या अंगाच्या घाटात पावसाळ्यात हे फार होतं. उपाय तसा साधाच : रोजची सफाई आणि कोरडी जागा. औषध त्यानंतर.

आता पोटाकडे जरा जास्त वेळ थांबू या, कारण घोडा जगतो-मरतो तो बहुतेक पोटावर. गाय खाते, बसते, रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. शरीराच्या मानाने त्याचं जठर लहान असतं, आणि गवत कुजवून त्यातून ताकद काढण्याचं काम पुढे मोठ्या आतड्यात चालतं. निसर्गात तो दिवसाचा बराचसा वेळ थोडं थोडं चरत असतो. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ दोन पाट्या चंदी घालतो आणि मधले सात-आठ तास उपाशी बांधतो, तिथेच गडबड होते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूची इतकी घट्ट झडप असते, की आत गेलेलं परत बाहेर येत नाही. आपलं पोट बिघडलं तर आपण ओकून मोकळे होतो, त्याला ती सोय नाही.

म्हणून चारा आधी, चंदी नंतर. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण साडेचार ते सहा किलो सुका चारा लागतो. हरभरा किंवा ओट्स देताना एका वेळी थोडे आणि दिवसातून जास्त वेळा द्यावेत. खाणं एकदम बदलू नये, आठवडाभरात हळूहळू बदलावं. पाणी बसल्या जागी पंधरा लिटरच्या आसपास, आणि उन्हात चढणीचं काम असेल तर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. घामातून मीठ जातं म्हणून मिठाचा खडा चाटायला ठेवायचा. आणि पर्यटकांनी कौतुकाने भरवलेले वडापाव, बिस्किटं, शिळ्या पोळ्या? एकाने एक बिस्कीट दिलं तर बिघडत नाही, पण दिवसाला पन्नास माणसं तसं कौतुक करतात.

पोट दुखायला लागलं की घोडा वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, मागच्या पायाने पोटावर मारतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो-उठतो, लोळतो, घामाने भिजतो. लीद थांबते. ही लक्षणं दिसली की चारा बाजूला करायचा आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवायचं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे, तो वर्गाच्या फळ्यावर एकदा लिहूनच ठेवा. गाई-म्हशींसाठीही उपयोगी पडेल. डॉक्टर येईपर्यंत घोड्याला हळू चालवता येतं, पण दमेपर्यंत नाही. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही : डोकं वर धरून बाटलीने तेल किंवा काढा ओतणं. हा उपाय जुना आहे, प्रेमाने केला जातो, पण ओतलेलं फुफ्फुसात गेलं तर पोटदुखीतून वाचणारा घोडा त्यानेच दगावू शकतो. डॉक्टर हेच तेल नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात, ते वेगळं. उरलेल्या गोळ्यांतली वेदनाशामक गोळीही आपल्या मनाने देऊ नये. दुखणं झाकलं जातं आणि आत आतड्याला पीळ पडला असेल तर वेळ निघून जाते.

बाकीची दुखणी लहान, पण दुर्लक्ष केलं की मोठी होतात. खोगिराने पाठ सोलली तर हळद लावून त्यावरच पुन्हा खोगीर चढवणं हा इलाज नव्हे. जखम बरी होईपर्यंत पाठीला सुट्टी द्यायची आणि खोगिराखालचं घोंगडं धुऊन, वाळवून, कुठे गाठ आहे ते शोधायचं. ही सुट्टी म्हणजे घरातल्या कमाईला खाडा. त्यामुळे हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, हे आपणही लक्षात ठेवावं. खिळा किंवा तार लागली तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायची आणि धनुर्वाताची लस वेळेवर झालीय का ते बघायचं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत घोडा या रोगाला सर्वांत हळवा. तबेल्यात काम करणाऱ्या माणसांनी आणि मुलांनीही स्वतःची लस चुकवू नये. डोळ्यातून पाणी येत असेल, डोळा मिटून धरला असेल, तर घरगुती थेंब नकोत. त्याच दिवशी डॉक्टर. आणि खूर हाताला गरम लागतोय, घोडा पुढच्या पायांवर भार टाकत नाही, मागे झुकून उभा आहे, तर तो खुराच्या आतल्या सुजेचा गंभीर आजार असू शकतो. पुष्कळदा तो चंदी जास्त झाल्याने होतो. अशा घोड्याला चालवायचंही नाही.

आता मालिश. घोड्याला मालिश म्हटलं की काहींना हसू येतं. पण घोडेच एकमेकांना मालिश करतात! दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, दातांनी खाजवत असतात. नेमकं तिथे माणसाने खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. मानेवर थोपटणं, तेही जोरात 'शाब्बास' म्हणून थपडा मारणं, ही आपली आवड. त्याला तिथे खाजवलेलं जास्त आवडतं.

काम संपलं, खोगीर उतरलं, घाम पुसून झाला, घोडा शांत झाला, की दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी उघड्या तळव्याने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत केसांच्या दिशेने लांब हात फिरवायचा. हे मालिशपेक्षा तपासणं जास्त आहे : कुठे गरम लागतंय, कुठे गाठ आहे, कुठे कातडी दचकते. मग मान, खांदा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू, पुठ्ठा आणि मांडी असं जाऊन तळव्याच्या टाचेने सावकाश गोल दाबायचं. दाब किती? चोखायचा आंबा आपण आधी हाताने मऊ करतो, तेवढ्याने सुरुवात करायची. कण्याच्या हाडावर दाब नाही. पोटाच्या मऊ भागावर, गळ्यावर नाही. गुडघ्याखाली तर स्नायूच जवळजवळ नसतात, तिथे नुसत्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध. तिथे वरून खाली हलका हात फिरवला तरी पुरे. (एवढं जड जनावर अशा काटकुळ्या पायांवर कसं धावतं, या प्रश्नावर विज्ञानाचा एक तास सहज निघेल.)

घोड्याला बरं वाटतंय हे कसं ओळखायचं? मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, डोळे अर्धे मिटतात, तो जांभई देतो किंवा जिभेने ओठ चाटतो. शेपूट फटकारली, कान मागे गेले, अंग आखडलं तर दाब कमी करायचा किंवा थांबायचं. ताप, ताजी जखम, गरम सूज, अचानक आलेला लंगडेपणा, पोटदुखी असेल तेव्हा मालिश नाही. मालिशने सगळे रोग जातात असं सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका. ताठरलेले स्नायू सैल होतात, घोडा निवांत होतो, आणि रोज हात फिरल्यामुळे दुखणं लवकर सापडतं. मला विचाराल तर या तिसऱ्या फायद्याचं मोल सर्वांत जास्त.

पालकांसाठी थोडं. घोड्याच्या पाठीवर माणूस आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वमान्य अंदाज आहे. अडीचशे किलोच्या तट्टाला म्हणजे पन्नास किलो. आपलं लेकरू त्यात सहज बसतं, बहुतेक बाबा बसत नाहीत. बसण्याआधी पाठ दाखवायला सांगा, घोडा दोन पावलं लंगडतोय का बघा. घोडेवाल्या दादांना घोड्याचं नाव विचारा. भाव पाडण्याआधी मनात धरा, की त्या पैशातूनच चारा, नाल आणि डॉक्टर येणार आहेत. वरातीत घोडा असेल तर डीजे आणि फटाके त्याच्यापासून लांब ठेवायला सांगायची जबाबदारी घोडेवाल्याची नसून यजमानांची, कारण तिथे त्याचं कोणी ऐकत नाही.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम. विश्रांती घेणारा घोडा मिनिटाला साधारण आठ ते सोळा वेळा श्वास घेतो, त्याचं हृदय अठ्ठावीस ते चव्वेचाळीस वेळा ठोके देतं. मुलांना आधी स्वतःचे श्वास आणि नाडी मोजू द्या. मग ज्या मुलाच्या घरी घोडा आहे त्याला, वडिलांसोबत, सकाळी काम सुरू होण्याआधी घोड्याची कूस बाजूने बघून श्वास मोजून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी चढण चढून आल्यावर लगेच, आणि पुन्हा दहा मिनिटांनी. तीन आकडे फळ्यावर लिहा. त्या तासाला खडू त्या मुलाच्या हातात द्या.