मोटारसायकलचे पुढचे चाक परत बसवताना

टायर बदलायचा असो, पंक्चर काढायचे असो की बेअरिंगला ग्रीस भरायचे असो, मोटारसायकलचे पुढचे चाक कधी ना कधी काढावे लागते. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा वडोदऱ्यातल्या कितीतरी दुचाकी पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर इंजिनचे ऑइल बहुतेकांनी बदलून घेतले; चाकाच्या बेअरिंगकडे आणि ब्रेकच्या ड्रमकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. पुढे चाक जड फिरू लागले किंवा घरघर ऐकू येऊ लागली की ते काढणे आलेच. काढायला दहा मिनिटे पुरतात. खरे काम बसवण्यात आहे.

आपल्यापैकी बरेच जण हे काम गॅरेजवाल्याकडूनच करून घेतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण तो हात पुसत "थई गयुं, काका!" म्हणाला की किल्ली घेऊन निघण्याआधी काय पाहायचे, एवढे तरी घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ड्रम ब्रेकच्या गाड्यांची. स्प्लेंडरसारख्या घरोघरच्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या एका बाजूला गोल ब्रेक प्लेट असते. आपण ब्रेक दाबतो तेव्हा तिच्यावरचे शू फिरणाऱ्या ड्रमला घासतात, आणि ड्रम त्या प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतो. तिला फिरू न देण्याचे काम करते ती शॉकअपच्या नळीवरची एक लहानशी खुंटी. प्लेटवरची खाच या खुंटीत बसलेली असलीच पाहिजे. ती बसली नाही तरीही एक्सल आत जातो, नट आवळला जातो, चाक फिरते, सगळे ठीकच दिसते. मग पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला की प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकची केबल ओढली जाऊन तुटते किंवा गुंडाळली जाते, आणि चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. चालत्या गाडीचे पुढचे चाक जाम झाले तर चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून खाली वाकून खाच डोळ्यांनी पाहावी. प्लेट हाताने हलवून तिला अडवले जाते आहे ना, याची खात्री करावी. लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

डिस्क ब्रेकच्या गाडीची कथा निराळी. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. मध्ये डिस्क नसल्याने पॅड एकमेकांजवळ येतात आणि मग चाक परत आत जात नाही. घरात लहान मुले असतील तर लिव्हरवर हात जातोच. म्हणून दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवणे बरे. डिस्कला ग्रीसचा हात लागू देऊ नये. बसवताना डिस्क दोन्ही पॅडच्या बरोबर मधून अलगद सरकवावी, कडेने पॅडला ठोकर देऊ नये. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीत चाकावर खाचांची एक बारीक रिंग आणि तिच्याजवळ सेन्सर असतो. त्यांना धक्का लागू देऊ नका आणि सेन्सरची वायर तिच्या मूळ वाटेनेच न्या.

आता लहान भाग. एक्सलवर चाकाच्या दोन बाजूंना जे बुश असतात त्यांची लांबी पुष्कळदा सारखी नसते. डावीकडचा उजवीकडे गेला की चाक मधोमध राहत नाही. काढतानाच मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवणे हा उत्तम उपाय. केबलचा मीटर असेल तर मीटर गियरचे दोन कान हबच्या खाचांत बसले पाहिजेत; न बसवता नट आवळला तर ते चेपतात, आणि मीटरचा काटा शून्यावरून हलत नाही. टायर रिंगवरून उतरवला असेल तर त्याच्या बाजूवरचा बाण पाहावा. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला तो असायला हवा.

एक्सल पुसून, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवून, आधी होता त्याच बाजूने आत घालावा. तो हाताच्या जोराने जायला हवा. अडला तर हातोडी घेण्याआधी चाक थोडे वर-खाली करून भोके एका रेषेत आणा. आपल्याकडे हातोडी फार लवकर हातात येते!

आवळण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी गाळला जातो. ड्रमच्या गाडीत पुढचा ब्रेक दाबून धरूनच नट पूर्ण आवळावा, म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. ज्या गाडीत शॉकअपच्या तळाशी एक्सलला पकडणारा पिंच बोल्ट असतो, तिथे आधी एक्सलचा नट आवळायचा, पिंच बोल्ट सैलच ठेवायचा. मग गाडी स्टँडवरून उतरवून, पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा जोराने खाली दाबायचे. दोन्ही नळ्या आपापल्या जागी समांतर येतात. त्यानंतर पिंच बोल्ट. हे न केल्यास नळ्या किंचित तिरप्या अडकून राहतात, शॉकअप खडखड करतो आणि ऑइल सील लवकर गळू लागते. किती आवळायचे हे गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. अंगातला सगळा जोर हे काही त्याचे माप नव्हे. स्प्लिट पिन असेल तर दर वेळी नवीच घाला. दोन-चार रुपयांची वस्तू आहे.

शेवटी तपासणी. चाक उचलून फिरवा: घासण्याचा आवाज नको. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा: खेळ नको. डिस्कच्या गाडीत लिव्हर कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, कारण बसवताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला लिव्हर थेट मुठीपर्यंत येतो. हे गल्लीत उभे असतानाच करायचे. दांडिया बाजारच्या गर्दीत ते कळून उपयोग नाही. ड्रमच्या गाडीत लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल राहील अशी केबल लावा.

आणि गरुडेश्वरला किंवा पावागडला निघायच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. दोन दिवस आधी चाक बसवा, गावातल्या गावात गाडी फिरवा आणि निघण्यापूर्वी एकदा नटाला पाना लावून पाहा.