तुझ्या आईने मँगल विकले का?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या रस्त्यांवर एक प्रश्न काही काळ फिरत होता. टवाळ पोरे कुणालाही गाठून विचारीत, ‘तुझ्या आईने मँगल विकले का?’ चार्ल्स मॅके याने १८४१ साली लोकांच्या सामूहिक वेडांवर ग्रंथ लिहिला, त्यात रस्त्यावरच्या अशा टिंगलींमध्ये हिचीही नोंद आहे. आज वाचणाऱ्याला त्यात हसण्यासारखे काय, तेच कळत नाही. कारण मँगल घरातून गेले आणि त्याबरोबर टोमण्यातला काटाही गेला.

मँगल म्हणजे धुतलेले कापड दाबून सपाट करण्याचे यंत्र. जुन्या प्रकारात दगडांनी भरलेली भली मोठी लाकडी पेटी असे. चादरी लाकडी रुळांना गुंडाळायच्या आणि त्यांच्यावरून ती पेटी हँडलने पुढेमागे फिरवायची. दोन रूळ आणि बाजूला चाक, ही सुटसुटीत रचना नंतरची. शब्द डच भाषेतून आला. त्याचे मूळ ग्रीक ‘मांगानोन’पर्यंत जाते, आणि त्याचा एक अर्थ किल्ल्यावर दगड फेकणारे युद्धयंत्र असा होता! (चिरडून विद्रूप करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद उच्चाराने तेच, पण त्याचे कूळ वेगळे.)

गरीब विधवेच्या हाती मँगल असले, तर शेजारपाजारच्या चादरी दाबून देऊन चार पैसे मिळत. म्हणजे आपल्याकडे शिवणयंत्राला पुढे जी जागा मिळाली, तीच याची. आता तो प्रश्न पुन्हा वाचा. तुझी आई लोकांचे कपडे दाबून पोट भरते, हा एक टोमणा; आणि तेही साधन विकायची पाळी आली का, हा दुसरा. डिकन्सच्या ‘निकोलस निकलबी’त चैनी, छानछोकी करणारा मँटॅलिनी शेवटी एका धोबिणीच्या घरी मँगल फिरवताना सापडतो. त्या काळच्या वाचकाला त्याची अधोगती वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

याहून जुना शब्द ‘बक’. राखेच्या क्षारपाण्यात कपडे मुरवून धुण्याला हे नाव होते. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉल्स्टाफ ज्या टोपलीत लपतो आणि मळक्या कपड्यांसकट थेम्सकाठी फेकला जातो, ती ‘बक-बास्केट’. रिठा, राख आणि परिटाची भट्टी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही टोपली परकी वाटू नये. अशी मोठी धुलाई श्रीमंत घरात कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी होई. दोन धुण्यांमधले अंतर जितके लांब, तितके कपाटात कापड जास्त. लोकरीचे वरचे कपडे सहसा धुतले जात नसत; म्हणून धुवायचे ते सगळे ‘लिनन’, मग ते सदरे असोत की अंथरुणे. अस्तराला ‘लायनिंग’ म्हणतात तेही याच जवसाच्या धाग्यावरून.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘कॉपर’ हा शब्द. विटांच्या चुलाण्यात बसवलेला, खाली जाळ घालून कपडे उकळण्याचा हंडा. पुढे तो लोखंडाचा झाला तरी नाव तांब्याचेच राहिले. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईच्या घरी असा हंडा होता. तिने तो शेजारणींना खुला केला आणि रोग्यांचे कपडे, अंथरुणे तिथे धुतली जाऊ लागली. कॉलरा कशाने पसरतो याचे शास्त्र तेव्हा कुणालाच नीट उमगले नव्हते. उकळत्या पाण्याने मात्र आपले काम केले. १८४२ साली त्याच शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईघर उघडले, आणि १८४६ साली पार्लमेंटने अशा स्नानगृहांचा व धुलाईघरांचा कायदा केला. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये थोर पुरुषांच्या पुतळ्यांच्या रांगेत पहिल्या स्त्रीचा पुतळा उभा राहिला तो किटीचा, आणि तोही २०१२ साली.

राहता राहिली इस्त्री. आपला हा शब्द बहुधा पोर्तुगिजांकडून आला. इंग्रजीत मात्र चुलीवर तापवायच्या भरीव लोखंडी इस्त्रीला ‘सॅड आयर्न’ म्हणत. तिच्यात दुःखाचा संबंध नाही. ‘सॅड’चा मूळ अर्थ तृप्त, भरलेला, त्यावरून भरीव, जड, आणि जड मनावरून उदास. मन जड होते हे आपणही म्हणतोच. एक इस्त्री हातात, दुसरी चुलीवर, अशा निदान दोन लागत. पहिली थंड झाली की अदलाबदल. मूठही लोखंडाची असल्याने ती फडक्याने धरावी लागे. लाकडी, काढता येणारी मूठ अमेरिकेत मेरी पॉट्स या बाईंनी काढली आणि १८७१ साली तिचे पेटंट घेतले. जुन्या भरीव इस्त्र्या आता इंग्लंडमध्ये वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेल्या दिसतात.